साहेबांची कुत्री फिरवणारा

गिरणीतल्या गोऱ्या साहेबांची कुत्री तो रोज सकाळी किल्ल्याच्या खंदकाकडेनं फिरवायचा. मीही त्याच वाटेनं गिरणीच्या कचेरीत जायचो. "कुत्री आवर रे," म्हणून दटावलं की तो अंग तिरकं करायचा, जमिनीकडे बघायचा आणि सावकाश जांभई द्यायचा. मला तो माजोरडा वाटे.

एकदा साहेबांचं नवं कुत्रं माळ्याला चावून, साखळी तोडून रस्त्यावर आलं. मी जवळच्या कट्ट्यावर चढलो. तो मात्र कुत्र्याच्या पुढ्यात तिरका उभा राहिला आणि जमिनीकडे बघत त्यानं जांभई दिली. गुरगुरणं थांबलं. कुत्रं येऊन त्याचं धोतर हुंगू लागलं, तेव्हा त्यानं हळूच त्याचा पट्टा धरला.

धोतर सावरत खाली उतरून मी विचारलं, "काय मंतर घातलास रे?"

"मंतरबिंतर न्हाय, रावसाहेब. त्ये भ्यालंय म्हून चावतंय. त्येच्या डोळ्यात बघायचं न्हाय. जांभई दिली की त्येला कळतंय, ह्यो आपल्याला काय करनार न्हाय."

"मग माझ्यासमोर कशाला जांभया देतोस?" मी आवाज चढवला.

तो तिरका झाला, जमिनीकडे बघू लागला आणि त्यानं सावकाश जांभई दिली.