मुळं आभाळाकडं

दोन हजार बावीस साली मला बहात्तरावं चालू होतं, आणि तोवर माझ्या व्याह्याइतका हट्टी माणूस मी पाहिला नव्हता, मला सोडून. त्या साली त्यानं आमच्या नदीतली बेशरम उपटायला घेतली. गुलाबी फुलांचं हे झुडूप गुरंही खात नाहीत, आणि त्यानं सगळा काठ गिळलेला. बायांना पाण्यात उतरायला वाट उरली नव्हती. बोर्लीच्या बाजाराला निघालेला व्याही वाटेत झुडूप दिसलं की पिशवी ठेवून, विजार गुडघ्यावर घेऊन पाण्यात. बाजार राहायचा. एका लग्नात तर चिखलाच्या पायांनी अक्षता टाकायला आला. उपटताना झुडपाशी बोलायचाही, "चल, लई दिवस पाहुणचार झाला."

काटकसरी इतका, की पहिल्या वर्षी उपटलेल्या दांड्यांचा त्यानं घोसाळ्याला मांडव घातला. घोसाळं वर चढायच्या आधी मांडवालाच पालवी फुटली. गाव बघायला लोटला. तेव्हापासून तो झुडपं, मुळं आभाळाकडं करून, बोंबील सुकवतात तशी बांबूवर टांगू लागला. जमिनीला टेकू देईना.

माझ्या काठाला मात्र मी हात लावू दिला नाही. भाताचं एकच खाचर, नदीला लागून, आणि बांध बेशरमीनंच धरलाय अशी माझी खात्री. मुलगी त्यांच्या घरात दिलेली, म्हणून तोंड आवरून दोन वर्षं नको नको म्हणत राहिलो. तो बांधावर वाळ्याचं गवत लावत राहिला. वाळ्यानं माती धरल्यावर म्हणाला, "व्याही, आता उपटू द्या. बांध गेला तर माझं वरचं खाचर तुमचं."

"तुमचं खडकाळ खाचर कुणाला हवंय?" म्हणालो, पण बाजूला सरलो.

पुढच्या पावसात नदी बांधावरून गेली. आम्ही दोघं माझ्या ओटीवर बसून होतो. त्यानं समोरचा चहा घेतला नाही. पाणी उतरल्यावर बांधावर गेलो. वाळा आडवा झोपला होता, पण बांध जागेवर होता, खाचर जागेवर होतं. व्याही चिखलातच बसला. "वाचलो," म्हणाला, "माझं वरचं खाचर गेलं असतं तर तुमच्या विहीणबाईंनी मलाच उलटा टांगला असता."

आता बाया नदीत उतरतात, त्याच्या रिकाम्या बांबूवर खंड्या बसतो. व्याह्याचे गुडघे मात्र गेले. परवा भेटायला गेलो तर त्यानं पहिलं विचारलं, "काठावर काय फुटलंय का?"

"न्हाय," म्हणालो. बघितलं कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी विजार वर घेऊन पाण्यात उतरलो. एक कोंब होता. उपटला, मुळं आभाळाकडं करून टांगला. कोंबाशी बोललो मात्र नाही. ते व्याह्याचं काम.