सुटलेले टाके

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो; ही घटना मात्र विसरायची म्हटली तरी विसरत नाही. तेव्हा मी महाडला ठाण्याचा प्रभारी होतो. शिमग्याचा बंदोबस्त नुकताच उतरला होता. सकाळी हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला: उमरठच्या बाजूने दोन टेम्पो भरून माणसं एका खाजगी दवाखान्यावर चालून येताहेत, डॉक्टरला सोडणार नाही म्हणतात. स्टेशन डायरीत नोंद केली आणि चार शिपाई घेऊन निघालो.

दवाखान्यात चाळिशीचा एक शेतकरी खाटेवर होता. हर्नियाचं ऑपरेशन होऊन पाचव्या दिवशी घरी गेला आणि आठवड्याच्या आत टाके सुटून परत आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आतली शिवणही तुटली आहे, दुपारपर्यंत पोट पुन्हा उघडलं नाही तर जीव जाईल, आणि मुंबईपर्यंतचा प्रवास याला झेपणार नाही. पण सही द्यायला कोणी तयार नव्हतं. ज्याने बिघडवलं त्याच्याच हाती पुन्हा पोट द्यायचं का, असा सगळ्यांचा सवाल. पेशंटही त्यालाच मान डोलावत होता.

सगळ्यात मोठा आवाज त्याच्या धाकट्या भावाचा. शिमग्यासाठी मुंबईहून आलेला. "साहेब, ही डायरेक्ट निगलिजन्सची केस हाय. अरेस्ट करा."

मी सांगितलं, तज्ज्ञ डॉक्टरांचा अभिप्राय आल्याशिवाय असा गुन्हा दाखल होत नसतो. तक्रार अर्ज घेतो, जबाब घेतो. पाच जणांचे जबाब घेतले. पाचही एकाच साच्यातले: घरी आल्यापासून पेशंट खाटेवरून हललेला नाही. माझा अनुभव असा की खरं बोलणारी पाच माणसं पाच तऱ्हांनी बोलतात. कुठेतरी पाणी मुरत होतं.

खाटेच्या दांडीवर पेशंटचा पोटाला बांधायचा पट्टा टांगलेला होता. सहज उलटून पाहिला, तर घड्यांमध्ये गुलाल. कपाळाला असता तर समजलो असतो. खाटेवर पडलेल्या माणसाच्या पोटापर्यंत गुलाल गेला कसा?

भावाला डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेलं, दार लोटलं. आवाज चढवला नाही. पट्टा टेबलावर ठेवून, हा गुलाल कुठला, एवढंच विचारलं. त्याने पाणी मागितलं. समोरचा पाणी मागतो तेव्हा अर्धा जबाब झालेला असतो.

"पालखीचा पहिला खांदा आमच्या घराचा हाय," तो खाली बघत म्हणाला. "त्यात थोरल्याचाच लागतो. दादा उभा राहिला नसता तर मान दुसऱ्या भावकीत गेला असता. मीच बोललो, नुसता खांदा लाव. पन ढोल वाजला, पालखी नाचली, तसा दादा पन नाचला."

मग डॉक्टरवर का आलात, असं विचारलं.

"देवाच्या पालखीनं टाके तुटले, असं कसं बोलायचं, साहेब?"

मला संताप आला आणि तो मी लपवला नाही. मान राखला, आता भाऊही राखा, असं सुनावलं. तो ढसाढसा रडला. मग स्वतःच खाटेपाशी जाऊन त्याने दादाच्या हातात पेन दिलं. सही झाली, ऑपरेशन पार पडलं, माणूस वाचला. तक्रार अर्जही त्यांनी आपणहून मागे घेतला.

संध्याकाळी मी जरा तोऱ्यातच बाहेर आलो. पेशंटची बायको पायरीवर बसली होती. सहज विचारलं, "ताई, तुम्हाला तरी ठाऊक होतं का?"

"ठाऊक होतं की. रगत मीच पुसलं," ती म्हणाली. "पन मला कुनी इचारलंच नाय."

पाच जबाब, आणि पाचही पुरुषांचे. ही बाई सकाळपासून उशाशी उभी होती, आणि मी तिला फक्त बाजूला व्हायला सांगितलं होतं. पट्ट्यावर नजर गेली नसती तर तिचं कुंकू माझ्या हलगर्जीने पुसलं गेलं असतं. पुढे हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आलो: आजाऱ्याचं जी करते, तिचा जबाब आधी घ्या. त्या पायरीवर मी तिची माफी मागायला हवी होती. अंगावर खाकी होती, ते सुचलंच नाही.