लाल शाईने तपासलेली उत्तरं

माझी बायको शब्दकोडी तयार करायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि नाशिकच्या एका साप्ताहिकात तिचं कोडं नियमाने छापून यायचं. वाचक जोडकार्डावर उत्तरं पाठवत, म्हणजे एका कार्डावर उत्तरं आणि त्याला जोडलेलं दुसरं कार्ड कोरं. ती प्रत्येक उत्तर लाल शाईने तपासायची आणि कोऱ्या कार्डावर दोन ओळी लिहून परत पाठवायची. सगळी उत्तरं बरोबर असलेल्या कार्डात तिला रस नसे. चुकलेल्या माणसाशी मात्र ती कार्डाच्या कडेकडेने भांडायची.

एकविसावं शतक लागता लागता ते साप्ताहिक बंद पडलं आणि कार्डं थांबली. पुढच्याच वर्षी तिला पोटाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली. नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आता दुखणं कमी ठेवायचं, बाकी काही नाही. मी तिला सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. तिने फार विचारलं नाही. दोन-चार दिवसांनी म्हणाली, "अहो, कोडी मी अजून करतेय. पण तपासायला काही नाही. हात चालतोय तोवर कोणाची तरी उत्तरं येऊ देत."

मी नाशिकमधल्याच अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. घरी कॉम्प्युटर होता आणि पुस्तकं वाचून पर्ल भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहिण्याची सवय लागली होती. वेबसाइटवर कोडं ठेवायचं आणि तिथेच उत्तरांचे रकाने द्यायचे असं ठरवलं. नुसता ईमेलचा पत्ता देऊन भागलं नसतं. लोक सायबर कॅफेत जायचे, आणि तिथे पत्त्यावर टिचकी मारली तर भलतीच खिडकी उघडायची. रकाने भरून बटण दाबलं की उत्तरं आमच्या मेलमध्ये यावीत, यासाठी सर्व्हरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे तसाच एक छोटा प्रोग्रॅम, चालणं गरजेचं होतं. उत्तरं तपासायचं काम मी स्क्रिप्टकडे दिलं नाही. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणार, एकच शब्द चार तऱ्हांनी. शिवाय तपासायचं तर तिलाच होतं.

वेबसाइटसाठी पहिली जागा फुकटची घेतली. तिथे फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे ते पाहून फाइल घेत. वेबपानं चालत, चित्रं चालत, साधा मजकूर चालत असे. माझ्या स्क्रिप्टच्या नावाशेवटी पीएल होतं, ती दारातूनच परत आली. मी नाव बदलून तिला वेबपानाचं शेपूट लावलं. ती आत गेली, पण चालली नाही. बटण दाबलं की उत्तरं जायच्या ऐवजी माझा सगळा प्रोग्रॅम ओळीने पडद्यावर यायचा. तिने पलंगावरून पाहिलं आणि म्हणाली, "हे कोडं माझ्यापेक्षा अवघड दिसतंय."

मग वर्गणी भरून एका छोट्या कंपनीकडे जागा घेतली. त्यांचा नियम असा होता की स्क्रिप्ट फक्त एकाच ठरावीक फोल्डरमध्ये चालेल आणि तीही नावाच्या शेवटी सीजीआय असेल तरच. दुसरं काही त्या फोल्डरमध्ये दिसलं तर पुसून टाकत. मी पीएलचं सीजीआय केलं, पहिल्या ओळीत पर्ल कुठे आहे ते सांगणारा पत्ता त्यांच्या सर्व्हरप्रमाणे बदलला, परवानग्या लावल्या. बटण दाबलं तर सर्व्हरमध्ये बिघाड असल्याचा संदेश यायचा. फोन केला तर तिथला माणूस म्हणायचा, "सर, आमच्याकडून सगळं ओके आहे." त्याच्याकडून खरोखरच सगळं ठीक होतं.

यात आठवडे गेले. तिला आता बसवून, पाठीशी उशा लावाव्या लागत. तिने तीन कोडी करून ठेवली होती, रकाने पट्टीने आखलेले, अक्षर अजून शाळेच्या फळ्यावरचं. मी ती स्कॅन करून चित्रं म्हणून चढवली होती. कोडी लोकांना दिसत होती. उत्तर द्यायची वाट तेवढी बंद होती.

शेवटी कारण सापडलं ते मी मन लावून पाहिलं म्हणून नाही, दुसरा उपाय उरला नाही म्हणून. फाइल चढवायचा माझ्याकडचा प्रोग्रॅमसुद्धा नावाचं शेपूट पाहूनच वागायचा. पीएल दिसलं की तो फाइलला मजकूर समजायचा आणि विंडोजच्या ओळींच्या शेवटी असलेली न दिसणारी जादा खूण वाटेत काढून टाकायचा. सीजीआय त्याच्या यादीत नव्हतं, म्हणून तो फाइल होती तशी पाठवत होता. पलीकडे पहिल्याच ओळीच्या शेवटी ती जादा खूण पाहून सर्व्हर अडत होता. सर्व्हरला आवडावं म्हणून मी नाव बदललं होतं, आणि त्या बदलानेच फाइल नासत होती. मजकूर म्हणून पाठव असं प्रोग्रॅमला हाताने सांगितलं आणि बटण दाबलं. माझीच चाचणीची उत्तरं मेलमध्ये आली.

त्यानंतर चार दिवसांत तीन उत्तरपत्रिका आल्या. तिन्हींत एकही चूक नव्हती. मी छापून तिच्या हातात दिल्या. तिने लाल पेनाचं टोपणही काढलं नाही. एका कागदाखाली 'एक वाचक, पंचवटी' असं होतं. ती म्हणाली, "या आमच्या वन्सं. परवा फोनवर आडवा सात विचारत होत्या, आज वाचक झाल्या." माझी बहीण पंचवटीत राहायची. बाकीच्या दोन तिच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या निघाल्या. सगळ्यांनी मायेनेच केलं होतं. तिने कागद बाजूला ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं की आता कोणी पाठवू नका.

मग बरेच दिवस काही आलं नाही. तिला भाताची पेजसुद्धा दोन चमच्यांच्या वर जाईना. मी कामावरून आलो की ती माझ्या हाताकडे बघायची. हात रिकामा असायचा.

एका रविवारी उत्तर आलं. माणूस दुबईला होता, मूळचा इगतपुरीचा. अर्धे रकाने रिकामे होते, भरलेल्यातले काही चुकलेले, आणि खाली तक्रार होती. उभा अकराचा संकेत होता, 'घाट चढताना गाडीच्या पुढे जोडतात ते'. त्याने लिहिलं होतं: माझे वडील रेल्वेत होते. कसाऱ्याहून गाडी वर चढवायला बँकर इंजिन मागे लावतात, पुढे नाही. मागून ढकलायला. बाई, एकदा येऊन बघा.

मी हे वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "बसवा मला."

तो एक कागद तिने दोन बैठकांत तपासला. बरोबरच्या खुणा खालच्या ओळीत घसरत होत्या. चुकलेल्या शब्दांपुढे तिने पूर्वीसारखं लिहायला घेतलं, पण अक्षर उमटेना, तेव्हा ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. उभा अकरापाशी मात्र तिने पेन माझ्याकडून परत घेतलं. तिथे तिने स्वतःच्या संकेतातल्या 'पुढे' या शब्दावर लाल काट मारली.

"त्याला लिहा," ती म्हणाली, "बाई चुकल्या. आणि कोड्याखाली पण टाका, सगळ्यांना दिसेल असं. येऊन बघायचं मात्र आता जमणार नाही म्हणावं."

शेवटचं वाक्य लिहायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, लिहा, खरंच आहे ते. मी लिहिलं. दुरुस्ती त्याच संध्याकाळी पानावर चढवली. त्यानंतरच्या आठवड्यात ती गेली.

दहावं-बारावं झालं, पाहुणे गेले. मग मी मेल उघडली तर धुळ्याकडच्या एका बाईंची उत्तरं येऊन पडलेली होती. मी ती छापली. तिच्या हातची उत्तरं समोर ठेवून एकेक पाहत गेलो. सगळी बरोबर होती, फक्त आडवा पंधरा वेगळा होता. संकेत होता, 'उन्हाळ्यात माठासाठी घरात आणतात'. तिचं उत्तर वाळू. आमच्याकडे माठ ओल्या वाळूवरच ठेवत. बाईंनी लिहिलं होतं वाळा, पाण्यात टाकायचा. दोन अक्षरांचा शब्द, पहिलं अक्षर तेच, आणि दुसऱ्या अक्षराला दुसरा कोणता शब्द छेदत नव्हता. दोन्ही रकान्यात बसतात. आमच्या माठात वाळाही असायचा, तीच बांधून टाकायची.

तिने हे बरोबर धरलं असतं, की कडेने भांडली असती, मला सांगता येत नाही. इतकी वर्षं मी तिला कार्डं तपासताना बघितलं, पण ते ती कशावरून ठरवते हे कधी विचारलं नाही. बाकीच्या उत्तरांवर मी लाल खुणा केल्या. आडवा पंधरा तसाच ठेवला. बाईंना मी लिहिलं की कोडं करणारी आता नाही, त्यामुळे या एका उत्तराचा निकाल मला देता येणार नाही.