व्याह्यांची तीनचाकी

आयुष्यात मला बसलेले बहुतेक सर्व धक्के आमच्या व्याह्यांनी दिलेले आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर इकडचे मराठी अधिकारी कलकत्ता सोडून पुण्याला परततात. हे बागबाजारातच राहिले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी मोटार विकून टाकली. तिच्या जागी दारात उभे राहिलेले वाहन पाहून मी मनोमन इष्टदेवतेचे स्मरण केले. तीन चाके, पुढे सायकलीची पायडले, मागे उघडी फळी! इकडे तिला ‘भॅन’ म्हणतात आणि तिच्यावरून बटाट्यांची पोती जातात.

मुलीच्या पित्याने वरपित्याचा मान राखावा, असे आमच्यावर संस्कार. पण राखावा तरी कसा? गृहस्थ गच्चीवर उघड्या अंगाने शेणखत कालवीत असत. बँकेत गळ्यात बांधायच्या त्यांच्या जुन्या टायांवर पडवळ चढलेले. एका दिवाळीला मी जरीचे उपरणे अर्पण केले, तर म्हणाले, “वा! शेवग्याच्या रोपाला थंडीची सोय झाली.” आणि खरोखरच गुंडाळले! माझी पत्नी मात्र त्यांची खंदी कैवारी. “तुम्ही गाडीत बसून कुरकुरता, ते घाम गाळून हसतात,” असे ती मला ऐकवी.

गेल्या वर्षी तिचेच वर्षश्राद्ध होते. गुरुजी सियालदहहून टॅक्सीने निघाले आणि कोठल्याशा मिरवणुकीत अडकले. अपराह्णकाळ सरत चालला. कालव्यापलीकडच्या आमच्या घराच्या दारात, हातात दर्भ घेऊन मी उपाशी उभा. वर्षाने घरी येणाऱ्या तिला विन्मुख पाठवावे लागणार, या विचाराने मी पुनःपुन्हा रस्त्याकडे पाहत होतो.

तेवढ्यात पुलाच्या उतारावरून घंटी वाजली आणि मी हादरलोच. फळीवर मांडी घातलेले गुरुजी, त्यांच्या मांडीवर लाल भोपळा, शेजारी अळूच्या पानांचा भारा. आणि पायडल मारणारे, घामाने निथळणारे, साक्षात वरपिता! शेजारच्या बंगाली बाईंनी तर पुढे होऊन भाव विचारला, “दादू, कुमडो कत?”

“भोपळा विकायचा नाही,” व्याही बंगालीत उत्तरले, “आणि गुरुजीही नाहीत.”

“अहो, शोभते का हे?” मी कसाबसा बोललो. “टॅक्सी कुठे आहे?”

“रस्त्यात. हे आत बसून जप करीत होते, उचलून आणले.”

“पण या फळीवर शेणखत असते!”

“सकाळीच गंगाजलाने धुतली आहे. तुम्ही आधी घड्याळ पाहा.”

“आधी मला उतरवा हो!” गुरुजी कळवळले. “दोन्ही पायांना मुंग्या आल्या आहेत.”

श्राद्ध वेळेत पार पडले. प्रसादाच्या पंगतीत मी अळूवडीची स्तुती केली, तेव्हा व्याही पानाकडे पाहत म्हणाले, “कंद विहीणबाईंनीच दिला होता. तुमच्या गॅलरीत जगेना म्हणून. आता गच्चीचा कोपरा भरून गेला आहे.”

मला हे ठाऊकच नव्हते.

सायंकाळी तो अळू पाहायला निघालो. जावयाने गाडीची किल्ली काढली. मी नको म्हटले आणि जन्मात प्रथमच त्या फळीवर बसलो. पुलाचा चढ लागला, तशी समोरची वृद्ध पाठ थरथरू लागली. मी उतरलो आणि मागून ढकलू लागलो.

“बसा हो, व्याहीबुवा. लोक काय म्हणतील?”

मी ढकलीतच राहिलो. पुलापलीकडे, एका गच्चीवर, तिच्या हातचे काहीतरी अजून वाढत होते.