मंगळवारची मटकी

फोन आला तेव्हा मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भगर निवडत बसले होते. मंगळवार होता, उपासाची दाण्याची आमटी रटरटत होती. पलीकडून पुतण्या म्हणाला, "मोठी आई... आण्णा गेले." सकाळी उपासाचं थालीपीठ खाऊन खुर्चीत टेकले ते टेकलेच. अशा वेळी माणूस काय विचारतो? माझ्या तोंडून निघालं, "खाऊन गेले ना रे?" तो रडता रडता हसला. "हो. दोनदा मागून घेतलं."

आण्णा म्हणजे माझे धाकटे दीर, दिनकरराव. धाराशिवच्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तुळजापूरला आमच्या शेजारी येऊन राहिले. आमचं नातं वहिनी-भावजीचं, म्हणजे एकमेकांची टर उडवायचा परवानाच. मी त्यांच्या टकलावर बोलायचं, त्यांनी माझ्या पाणचट चहावर. आता टर उडवायला कुणी नाही आणि खरं सांगते, दिवस कसा अळणी जातो.

मी इथं मुलींचं वसतिगृह चालवते. वाड्यावस्त्यांवरच्या, शेतकऱ्यांच्या, मेंढरं राखणाऱ्यांच्या पोरी. काही वर्षांपूर्वी नववीतली सविता प्रार्थनेच्या रांगेतच चक्कर येऊन पडली. अंगात रक्त नाही, असं डॉक्टर म्हणाले. अणदूरच्या पलीकडच्या वस्तीवरून तिचे वडील आले, खांद्यावर घोंगडी टाकून. "बाई, पोरगी घरी न्हेतो. लई वाळलीय." अशी घरी नेलेली पोरगी परत येत नाही, येते ती तिच्या लग्नाची पत्रिका. मी त्यांच्या हातापाया पडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. पण मिळणाऱ्या अनुदानात पोरींना आणखी काय खाऊ घालायचं, ते काही मला सुचेना.

भावजी तेव्हा चहाला आलेले. सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, हे तर गणित हाय. द्या माझ्याकडं."

मला वाटलं चेष्टा करतायत. तर दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाजारात हजर! प्रत्येक गोष्टीचा भाव विचारायचे आणि घ्यायचे काहीच नाही. भाजीवाल्या वैतागल्या. मग कॉम्प्युटरसमोर बसवून मला समजावलं. वाढत्या पोरीला लोह किती, प्रथिनं किती लागतात ते एकीकडं. कुठल्या धान्यात, कुठल्या भाजीत ते किती असतं, त्याचा भाव काय आणि ते पिकवायला पाणी किती लागतं, हे दुसरीकडं. मग मशीनला सांगायचं, या सगळ्या अटी पाळून सगळ्यात स्वस्त ताट शोधून दे. "यात पाणी कुठं आलं मध्येच?" मी विचारलं. "उन्हाळ्यात टँकरची वाट कोण बघतं? तुमीच ना? मग लई पाणी पिणारं पीक ताटातपण जपूनच घ्यायचं."

मशीनचं पहिलं उत्तर आलं... ज्वारीची भाकरी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची उसळ. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, उद्याही तेच. हिशेबात चूक नव्हती हो, पण माणसाची जीभ त्या हिशेबात कुठंच धरली नव्हती. भावजींचा एक नियम होता, ज्यानं ताट आखलं त्यानं पंगतीच्या टोकाला पाटावर बसून पहिला घास घ्यायचा, मग पोरींनी. त्यांनी घास घेतला आणि जाहीर केलं, "मीठ कमी हाय." आमच्या स्वयंपाकीण पारूबाई फणकारल्या, "सर, मीठ तुमीच मोजून दिलंय की!" खरंच होतं ते, मिठाची अटही यांनीच घातलेली. तरी रोज ते हेच म्हणायचे आणि रोज पारूबाई चिडायच्या. आठवडा संपायच्या आत पोरींनी ताटं पालथी घातली. भावजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मशीनला नवी अट घातली, एकच भाजी पुन्हा पुन्हा नको.

नव्या आखणीत मटकीची भरघोस उसळ आली मंगळवारी. त्या सकाळी मी कामानं धाराशिवला गेलेली. पारूबाईंनी मिठाचा राग धरून, एक शब्द न बोलता पातेलंभर मटकी शिजवली. मी परत येऊन बघते तर पंगतीत एक पोरगी नाही. तुळजापुरात मंगळवार म्हणजे आईचा वार, सगळ्यांना उपास! भावजी एकटेच पाटावर, समोर वाफाळती मटकी, आणि हात मांडीवर.

"घ्या की पहिला घास," मी म्हटलं.

"वहिनी... मलापण उपास हाय."

सदऱ्याच्या खिशात सकाळपासून उपासाचे म्हणून भाजलेले शेंगदाणे घेऊन फिरणारा माणूस! स्वतः मंगळवार पाळला आणि मशीनला मात्र सांगायचाच राहिला. मी पदर तोंडाला लावून हसत सुटले. मटकी शेवटी शेजारच्या लॉजवर उतरलेल्या बाहेरगावच्या माणसांना वाटली.

पण त्या मटकीनंच आमचे डोळे उघडले. भावजी उठले आणि कोण कोणते उपास धरतं ते पोरींना विचारत सुटले. सविता मंगळवार धरायची, शुक्रवार धरायची, घरी आईनं बोललेल्या नवसाचा शनिवारही तिनंच अंगावर घेतलेला. आणि दर उपासाला नुसता साबुदाणा. "म्हणजे आपण ताट आखतोय, आन् पोरगी त्या ताटावर बसतच न्हाय!" भावजींनी कपाळावर हात मारला. उपास सोड म्हटलं तर सविताचा चेहरा उतरला. "सर, देवी कोपंल." तेव्हा ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. "अगं, देवीनं उपास मागितलाय. साबुदाणा कुठं मागितलाय?"

मग मशीनमध्ये उपासाची वेगळी अट गेली. त्यातून राजगिऱ्याचं थालीपीठ निघालं, दाण्याची आमटी, भगर, दही, खजूर निघाला. दिवाळीला सविताचे वडील आले. रक्त तपासल्याचा कागद मी पुढं केला, त्यांनी तो बघितलाही नाही. पोरीच्या तोंडाकडंच बघत राहिले. "भरली की हो पोरगी!" पंगतीत बसून पोटभर जेवले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि एकटेच परत गेले. मी देवघरात जाऊन आनंदानं रडून घेतलं.

आणि हा सगळ्यांची ताटं आखणारा माणूस स्वतः काय खायचा? कुंथलगिरीचे पेढे! साखरेचा आजार असताना! मी ओरडले की म्हणायचे, "वहिनी, माझ्या ताटाला अट न्हाय." आता वाटतं, खाऊ दिले ते बरंच झालं.

सविता सध्या सोलापूरला नर्सिंग शिकते. भावजींनी तिला ते मशीनही चालवायला शिकवलेलं. परवा सुट्टीत आली आणि म्हणाली, "बाई, भाव बदलले असतील. ताट नव्यानं आखू." नवे भाव घातले, जुन्या अटी ठेवल्या, वर स्वतःची एक घातली, महिन्यातून एकदा प्रत्येकीला कुंथलगिरीचा पेढा. मशीन म्हणालं, असं ताट अटींत बसत नाही. पोरगी हटेना. एका जेवणातला भात काढून ज्वारीच्या कण्या घातल्या, आणि बसलं!

दुपारी पंगत मांडली. टोकाचा पाट इतके दिवस मीच कुणाला उचलू दिला नव्हता. सविता गेली आणि त्यावर बसली. ताट तिनं आखलं होतं, मग पहिला घास तिचाच. पोरी थांबल्या. पारूबाई पळी हातात धरून दारात उभ्या.

सवितानं घास खाल्ला, नीट चावला आणि वर बघून म्हणाली, "मीठ कमी हाय."

पारूबाई चिडल्या नाहीत. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मिठाची बरणी आणायला आत गेल्या.