डोंगरातला संप आणि शेळगावचे तात्या

बारामतीत ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालवायचं म्हणजे बुकिंग कमी आणि गप्पा फार. माणूस चौकशीला येतो, चहा पितो, 'घरात विचारून सांगतो' म्हणून उठतो आणि जाताना एक किस्सा टेबलावर ठेवून जातो. इतके साठलेत की कपाटात ब्रोशरला जागा नाही म्हणा ना.

पण त्या चहामळ्यांच्या डोंगराचे किस्से वेगळेच.

उत्तरेकडचा थंड, धुक्याचा डोंगर. तिथं मळ्यांतल्या मजुरांचा संप झाला, रस्ते अडले, चार टुरिस्ट अडकले. संप मिटला, पण डोंगराचं नाव खराब झालं ते झालंच. तिथल्या लॉजवाल्या दीदीकडं मी दर उन्हाळ्यात ग्रुप नेते. माझ्या आजारी पॅसेंजरला स्वतःच्या हातानं पेज भरवलेली बाई ती. तिचा फोन आला, "दसऱ्याचा सीझनसुद्धा कोरा गेला, तर लॉजला कुलूप लावून मुलीकडं जाते." मला फार वाईट वाटलं. म्हटलं, उन्हाळ्याचा ग्रुप तर आणते, पुढचं पुढं बघू.

•

पहिली चौकशी सोमेश्वरनगरच्या गुरुजींची. रिटायर्ड आणि भलतेच सावध. फोनवर म्हणाले, "मॅडम, तिकडं रस्ते बंद पडतात म्हणे."

मी म्हटलं, उद्या अकराला ऑफिसात या, सगळं समजावून सांगते.

गुरुजी उगवले दुपारी तीनला, घामाघूम. ऊस वाहतूकवाल्यांनी कारखान्यापाशी ट्रॅक्टर आडवे लावले होते. गुरुजी ट्रॉल्यांच्या मधून वाट काढत चालत फाट्यावर आले आणि तिथून एसटी धरली. मी पंखा लावला, पाणी दिलं. ग्लास खाली ठेवत म्हणाले, "नकोच ते. तिकडच्या रस्त्यांचा काय भरवसा?"

•

मग व्हॉट्सॅपवर एक व्हिडिओ फिरायला लागला. जळके टायर, आडवे ट्रक, खाली लिहिलेलं, 'डोंगरातली आजची परिस्थिती'. एका सकाळीत सहा बुकिंग गेली.

तेव्हा समोर शेळगावचे तात्या बसले होते, मुलाच्या तिकिटासाठी आलेले. ऊसदरासाठी उभी हयात रस्ते अडवण्यात घालवलेला माणूस, आता गुडघे बोलायला लागल्यामुळं घरी. मी रडकुंडीला येऊन मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा चढवला, दोनदा बघितलं.

"ताई, ह्यो इंदापूरचा हायवे हाय. आन त्यो टायरपाशी पिवळ्या टॉवेलातला मी हाय."

खरंच की. मागं रसवंतीची मराठी पाटी! माझं डोकं सणकलं, पण तात्या खूश. "लई बारीक होतो तवा. मला पाठवा की ह्यो." एवढ्यावर न थांबता गावात जाऊन त्यांनीच बारा माणसं गोळा केली. म्हणाले, "आमचा रस्तारोको दुसऱ्याच्या नावावर खपतोय, मंग त्यांचा डोंगर तरी बघून येऊ."

•

तात्यांची बहीण मोरगावची अक्का. ती स्टेशनवर आली ती पोतं घेऊन. आत बाजरीच्या कडक भाकरी आणि ठेच्याची बरणी.

"अक्का, लॉजवर जेवण आहे."

"आसू दे की. संप झाला म्हंजी?"

"झाला तरी लॉजवर जेवण असतंच."

"तुमाला आसंल बाई. रस्त्यावर बसल्याल्यांना कोण घालतंय?"

•

डोंगरात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मळे बघायला निघालो. दीदी बरोबर होती. एका वळणावर वीसेक मजूर रस्त्यात बसलेले. कबूल केलेली पगारवाढ मिळाली नव्हती म्हणून दोन तासांचा बंद. दीदी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "झालं. आता हे लोक गावात जाऊन काय सांगतील?"

तात्या गुडघा धरत जीपमधून उतरले आणि थेट म्होरक्यापुढं उभे राहिले.

"ये कैसा बैठा तुम लोग? अँब्युलन्स आई तो किधर से जायेगी?"

तात्यांनी सगळ्यांना उठवलं. एका कडेनं वाट मोकळी ठेवली, म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं, घोषणा कुणी द्यायची आणि मागनं कुणी ओरडायचं ते ठरवून दिलं. अक्कानं पोतं सोडलं. ठेचा खाऊन म्होरक्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं दुसरी भाकरी मागितली.

मजुरांनी आमच्या दोन्ही जीपना वाट दिली, पण तात्या जागचे हलेनात. "दोन तासाचं म्हणलंय न्हवं? मंग पुरं करूनच उठायचं." शेवटी आम्ही सगळेच बसलो. दीदीसुद्धा.

परतीच्या दिवशी दीदीनं अभिप्रायाची वही तात्यांपुढं ठेवली. गेल्या संपापासून तिच्यात एक ओळ नव्हती. तात्यांनी सावकाश लिहिलं, खाली सही केली. दीदीला मराठी वाचता येईना. तिनं वही माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "पुन्हा येणार नाही, असं लिहिलंय का?"

मी वाचून दाखवलं.

"डोंगर चांगला. जेवान चांगलं. संप कच्चा हाय. दसऱ्याला शिकवायला वीस माणसं घिऊन येतो. खोल्या धरून ठिवा."