मंगळी पळत नाही

“म्हैस कावून पळायली बे?” सलीमभाईनं विचारलं.

परळीत आमच्या ऑफिसच्या खाली त्याचं गॅरेज. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, मी आणि वैशाली. मी प्रोग्रामिंग करतो, ती चित्रं हलती करते. सलीमभाई चहाला वर आला होता आणि मी मोठ्या ऐटीत त्याच्या हातात फोन दिला होता. फोनमध्ये आमचा बिल्ड होता. बिल्ड म्हणजे खेळून बघता येईल इतपत तयार झालेला गेम.

गेम होता मंगळीचा. मंगळी ही म्हैस. तिचे चार अ‍ॅनिमेशनपट आले, आणि आमच्याकडं लहानांपेक्षा मोठीच माणसं ते पुन्हा पुन्हा बघतात. त्या पटांच्या दिग्दर्शक मेधाताई चार दिवसांनी, शुक्रवारी, पुण्याहून बिल्ड बघायला येणार होत्या. पटला तर पूर्ण गेम आमचा, नाहीतर तो बंगळुरूच्या कंपनीला जाणार. मग वैशालीलाही परत पुणं गाठावं लागलं असतं. तिथली नोकरी सोडून ती माझ्या भरवशावर परळीत आली होती. भरवसा कुणावर ठेवावा, हे शाळेत शिकवत नाहीत.

“गेममध्ये पळावंच लागतं,” मी म्हणालो. “पळायचं, उडी मारायची, नाणी गोळा करायची.”

“अम्मीला दाखव. तिला चारी पिच्चर पाठ हायेत.”

सलीमभाईचं घर गॅरेजच्या मागंच. खाली गेलो, तर त्याच्या अम्मींनी चष्मा लावला, बटण दाबलं. मंगळीनं टुणकन उडी मारली आणि ती कौलांवर चढली. अम्मींनी फोन खाली ठेवला.

“ही मंगळी न्हाई बाबा. ही शेळी हाय.”

“अम्मी, गेममध्ये...”

“सारं गाव भांडतंय, पळतंय. मंगळी पळती का? ती पाण्यात बसती. तिचं मन झालं की उठती, तवर भांडण मिटलेलं असतंय.”

वर आलो. वैशाली शांतपणे म्हणाली, “सर, मी तेव्हाच म्हणाले होते, चाल लई जोरात वाटायली.”

म्हणाली होती. तेव्हा मी तिला ऐकवलं होतं, की गावाकडं, दिंद्रुडला, आमच्या दावणीला तीन म्हशी होत्या, मला शिकवू नको.

“पण मला दिलेला चालीचा वेग तुम्ही मोजला कशावरून?”

“पिक्चरवरून.”

तिनं माझा लॅपटॉप ओढला, पिक्चर लावला. मंगळी तुरुतुरु निघाली. वैशालीनं कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. स्पीड दुप्पट.

आता कबुली. काम फार, वेळ कमी, म्हणून चारही चित्रपट मी दुप्पट वेगात बघितले होते. पाण्यात बसायचे प्रसंग तर पुढं ढकलले होते. म्हटलं, इथं काहीच घडत नाही. आणि त्याच दुप्पट वेगात बघून मी पावलं मोजली होती. तीन म्हशींच्या घरात वाढलेला माणूस, पण पडद्यावरची म्हैस घोड्यासारखी चालतेय, हे त्याला खटकलं नाही.

पळणं काढलं. उडी काढली. नाणी काढली. वैशालीनं चाल नव्यानं केली. आता मंगळीला खेळणारा चालवत नाही, फक्त तिची वाट मोकळी करतो: फाटक उघड, आडवी बैलगाडी सरकव. घाई करून स्क्रीनवर बोट बडवलं, की ती बसते. पाणी दिसलं तर न बडवताच बसते.

शुक्रवारी मेधाताई आल्या. खुर्चीवर वीजकेंद्राची राख होती, परळीत ती असतेच. रुमालानं झटकून बसल्या आणि पहिल्याच मिनिटाला मंगळी तळ्यात बसली.

“किती वेळ बसते?”

“तिचं मन होईस्तोवर,” मी म्हणालो. खरं म्हणजे तो आकडा दर वेळी कॉम्प्युटर ठरवतो. त्या दिवशी त्यानं भलताच मोठा ठरवला. चहा आला, संपला. मंगळी तळ्यातच. माझा हात रीस्टार्टकडं गेला. वैशालीनं तो धरून टेबलावर ठेवला.

मेधाताई पडद्याकडंच बघत होत्या. मंगळीनं शेपटी झटकली, उठली, चालू लागली. त्या हसल्या, पहिल्यांदाच.

“पूर्ण गेम कधी देता?”

“दोन महिन्यांत,” मी छातीठोकपणे म्हणालो.

“चार,” वैशाली म्हणाली.

“सहा धरते,” मेधाताई म्हणाल्या. “मंगळीचं काम आहे.”

सहा लागले. दुसऱ्याचं काम दुप्पट वेगात बघितलं, की आपलं दोनदा करावं लागतं, एवढं मी त्यातून शिकलो. अम्मी अजून पहिल्याच लेव्हलला आहेत. मंगळी पाण्यात बसली, की त्या फोन शेजारी ठेवून भाजी निवडायला घेतात. त्यांची काहीच तक्रार नाही.